वाचकांचे प्रश्न : गेमिंग संगणकासाठी भरवशाचा पॉवर सप्लाय

गेमिंग संगणक जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो, आणि ज्याला बहुतेक जण एसएमपीएस म्हणतात तो पॉवर सप्लाय मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो घेतला जातो. हा क्रम बदलावा, असे मला मनापासून वाटते. कारण संगणकातला दुसरा कोणताही भाग बिघडला तर बहुधा तो एकटाच बिघडतो, पण पॉवर सप्लाय बिघडताना त्याला जोडलेल्या प्रत्येक भागाला सोबत घेऊन जाऊ शकतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी रायझेन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरवले आहे. ६५० वॅटचे दोन पॉवर सप्लाय पाहून ठेवले आहेत. दोन्ही खोक्यांवर आकडा तोच आहे, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. वॅट सारखेच असतील तर जास्त पैसे कशासाठी मोजायचे? आणि मुळात मला किती वॅट लागतील?

उत्तर : आधी गरजेचा हिशेब करू. आपल्या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा २२० वॅट आहे. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात १२० वॅट लिहिलेले असले, तरी तो सॉकेटमधून १६२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. खेळताना प्रत्यक्षात तो याहून बराच कमी घेतो, पण हिशेब कमाल आकड्यावरच करावा. मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून साठ-सत्तर वॅट धरले, की बेरीज साडेचारशेच्या आसपास जाते. या बेरजेवर साधारण एक तृतीयांश मोकळीक ठेवावी, म्हणजे क्षणिक झटके, उन्हाळ्यातली उष्णता आणि पुढे बसवायची एखादी ड्राइव्ह यांना जागा राहते. या हिशेबाने ६५० वॅट आपल्याला पुरेसे आहेत, आणि हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीची शिफारसही तेवढीच आहे. १००० वॅटचा घेऊन काही बिघडणार नाही, पण तेच पैसे चांगल्या प्रतीच्या ६५० वॅटमध्ये घालणे केव्हाही शहाणपणाचे आहे.

आता दोन खोक्यांमधला फरक पाहू. खोक्याचा दर्शनी भाग बाजूला ठेवा आणि पॉवर सप्लायच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचा. त्यात +३.३, +५, +१२, −१२ व्होल्ट आणि एक +५ व्होल्टचा स्टँडबाय असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा असतो. आपल्या दृष्टीने त्यातला एकच रकाना महत्त्वाचा आहे, तो +१२ व्होल्टचा, कारण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. त्या आकड्याला १२ने गुणा. चांगल्या ६५० वॅटच्या पॉवर सप्लायवर तिथे ५४ अँपिअर लिहिलेले दिसते, म्हणजे ६४८ वॅट; खोक्यावर लिहिलेली जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळू शकते, असा त्याचा अर्थ होतो. हलक्या प्रतीच्या पॉवर सप्लायवर त्याच जागी ३८ अँपिअर असू शकतात, म्हणजे ४५६ वॅट. उरलेले जवळपास दोनशे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज ६५०पर्यंत नेलेली असते, आणि त्या रकान्यांतली वीज आपल्या ग्राफिक्स कार्डाच्या काहीही उपयोगाची नसते. आपली गरज साडेचारशेच्या घरात असल्यामुळे असा पॉवर सप्लाय पहिल्या दिवसापासून काठावर चालेल.

असा तक्ता लिहिण्याची पद्धत कशी आली, हे समजून घेण्यासारखे आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय यांची ठरावीक रचना आणली, तेव्हा प्रोसेसरला लागणारी वीज मुख्यतः कमी व्होल्टच्या तारांमधून जात असे. प्रोसेसरांची भूक वाढली तशी कमी व्होल्टवर तेवढी वीज देण्यासाठी फार मोठे विद्युतप्रवाह लागू लागले, म्हणून २००० साली पेंटियम ४च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी आली, आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. ५ व्होल्टवर भरघोस आणि १२ व्होल्टवर जेमतेम ताकद असलेला तक्ता आज दिसला, तर आतली रचना जुन्या काळातली आहे असे बेलाशक समजावे.

तक्ता वाचताना आणखी एका ठिकाणी फसगत होते. काही तक्त्यांत १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतात आणि प्रत्येकाखाली, समजा, २५ अँपिअर लिहिलेले असतात. त्यांची बेरीज ५० करू नये. दोन्हींची मिळून मर्यादा खालच्या ओळीत वॅटमध्ये दिलेली असते, आणि तीच खरी असते. अशी एकत्रित मर्यादा कुठेच लिहिलेली नसेल, तर तो पॉवर सप्लाय घेऊ नये.

जास्तीचे पैसे कशाचे, याचे उरलेले उत्तर धातूच्या पेटीच्या आत आहे. चांगल्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून ठेवणारे भाग, १०५ अंश सेल्सिअसला टिकतील असे बनवलेले असतात, तर स्वस्तातल्यांत ८५ अंशांचे घालून काम भागवलेले आढळते. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी कमी झाले की साधारण दुप्पट होते, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. त्यामुळे एकाच तापमानाला चालणाऱ्या या दोन कपॅसिटरांच्या आयुष्यात सुमारे चौपट अंतर पडते. कपॅसिटर थकला की १२ व्होल्टची सरळ रेघ थरथरू लागते. या थरथरीला रिपल म्हणतात, आणि एटीएक्सच्या नियमानुसार ती १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत, तर ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. डोळ्यांना ती दिसत नाही आणि साध्या मल्टीमीटरवरही कळत नाही, पण मदरबोर्डवरचे आणि ग्राफिक्स कार्डावरचे बारीक कपॅसिटर ती रोज सोसत असतात.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. जास्त प्रवाह, जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जास्त भार, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान या सहाही प्रसंगी पॉवर सप्लायने स्वतःला बंद करून घेतले पाहिजे. माहितीपत्रकात या सहांपैकी दोन-तीनच नोंदी असतील, विशेषतः तापमानाची नसेल, तर मी तो यादीतून काढून टाकतो. तसेच पूर्ण ताकद कोणत्या तापमानाला मिळेल हेही पाहावे: ४० किंवा ५० अंशांना पूर्ण वॅट देण्याची हमी वेगळी आणि २५ अंशांची वेगळी, कारण खेळ चालू असताना कॅबिनेटच्या आत २५ अंश कधीच नसतात.

नाव पाहून घ्यावे का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी त्यावर थोडे लिहितो. खोक्यावर नाव असलेली कंपनी बहुतेक वेळा तो पॉवर सप्लाय स्वतः बनवत नाही. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, सीडब्ल्यूटी अशा मोजक्या कारखानदारांकडून तो बनवून घेतला जातो, आणि एकाच नावाखालच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांतल्या, वेगळ्या प्रतीच्या असू शकतात. म्हणून नावापेक्षा नेमके मॉडेल पाहावे, आणि ज्या परीक्षणात यंत्राने भार टाकून व्होल्टेज, रिपल आणि सुरक्षा मोजलेली आहे त्याच परीक्षणावर विसंबावे. खोके उघडून केबल किती मऊ आहेत एवढेच सांगणाऱ्या परीक्षणाचा या कामी उपयोग नाही.

प्रश्न : माझा संगणक इतर कामे करताना व्यवस्थित चालतो, पण खेळ सुरू केल्यावर पाच मिनिटांत किंवा कधी तासाभराने अचानक बंद पडतो. पडदा आणि पंखे एकदमच थांबतात. ग्राफिक्स कार्ड खराब आहे असे मला सांगण्यात आले आहे. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा असल्यामुळे तो कमी पडत असेल असे वाटत नाही. काय करावे?

उत्तर : कार्ड बदलण्याची घाई करू नये, ही पहिली विनंती. आपण दिलेला एक तपशील फार मोलाचा आहे, तो म्हणजे पडदा आणि पंखे एकदमच थांबतात. पडदा काळा पडून पंखे फिरत राहिले असते, तर संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर गेला असता. प्रोसेसर किंवा कार्ड तापत असते, तर यंत्र आधी मंदावले असते आणि मग बंद पडले असते. दिवा मालवावा तसा सगळा संगणक एका क्षणात बंद होतो, तेव्हा बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या सुरक्षा यंत्रणेने स्वतः वीज तोडलेली असते. त्यानंतर कॅबिनेटचे बटण दाबूनही संगणक उठत नसेल आणि मागचा स्विच बंद करून काही सेकंदांनी चालू केल्यावरच उठत असेल, तर ही शंका आणखी पक्की होते. विंडोजच्या नोंदींत दिसणारी कर्नल-पॉवर ४१ ही ओळ मात्र काही सिद्ध करत नाही. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते.

मग ७५० वॅट असूनही असे का व्हावे? ग्राफिक्स कार्डाचा २५० किंवा ३५० वॅट हा आकडा सरासरीचा असतो. स्फोटाचे दृश्य आले किंवा मेन्यूतून थेट खेळात शिरलो, की कार्ड एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळासाठी त्याच्या कितीतरी जास्त वीज ओढते. हा झटका मीटरवर दिसत नाही, पण पॉवर सप्लायमधल्या यंत्रणेला दिसतो, आणि ती जास्तच हळवी असेल किंवा आतल्या कपॅसिटरांत तेवढा साठा नसेल, तर ती वीज तोडते. हे प्रकार वाढले म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत ४५० वॅटच्या वरच्या आणि नव्या सोळा पिनांची जोडणी असलेल्या पॉवर सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, अशी अट घातली गेली. आपला पॉवर सप्लाय त्याआधीचा असेल, तर हे कोडे इथेच सुटण्याची शक्यता आहे.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करून पाहा. कार्डाच्या सेटिंगमध्ये वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा आणि तोच खेळ दोन-तीन तास चालवा. संगणक बंद पडला नाही, तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे. कॅबिनेट उघडलेच आहे तर कार्डाच्या केबलही पाहा. आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट, असा हिशेब ठरलेला आहे. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या असतील आणि आपण एकाच केबलच्या टोकाला असलेली दोन तोंडे त्यांत लावली असतील, तर सगळा भार त्या एका केबलवर येतो. दोन स्वतंत्र केबल लावा. केवळ एवढ्याने अडचण सुटलेली मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. भिंतीतला सैल सॉकेट आणि जुने एक्स्टेन्शन बोर्डही तपासून घ्या.

प्रश्न : ८० प्लस गोल्ड किंवा प्लॅटिनम असे लिहिलेले असेल, तर तो पॉवर सप्लाय भरवशाचा असतोच का?

उत्तर : नाही. २००४ साली सुरू झालेली ही प्रमाणपद्धती प्रामुख्याने एकच गोष्ट मोजते, ती म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकापर्यंत पोहोचते. ११५ व्होल्टच्या मोजणीत गोल्डला २० टक्के भारावर ८७, निम्म्या भारावर ९० आणि पूर्ण भारावर ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. ब्राँझला हेच आकडे ८२, ८५ आणि ८२ असे आहेत. रिपल किती आहे, सुरक्षा यंत्रणा वेळेवर चालते का, कपॅसिटर कोणते आहेत, यांतले काहीही त्यात पाहिले जात नाही, आणि मोजणीही साध्या खोलीच्या तापमानाला होते.

तरीही कार्यक्षमतेला किंमत आहे. ४५० वॅटच्या भारावर ९० टक्क्यांचा पॉवर सप्लाय भिंतीतून ५०० वॅट घेतो आणि ५० वॅटची उष्णता बाहेर टाकतो. ८२ टक्क्यांचा सुमारे ५४९ वॅट घेतो आणि जवळपास शंभर वॅटची उष्णता करतो. त्या उष्णतेतच कपॅसिटरांना दिवस काढायचे असतात आणि तिच्यामुळेच पंखा मोठ्याने फिरतो. गोल्डची कार्यक्षमता गाठायला आतली रचना सुधारावी लागते, त्यामुळे गोल्ड पॉवर सप्लाय बरा निघण्याची शक्यता अधिक असते, इतकेच म्हणता येईल. ९० टक्के कार्यक्षमता म्हणजे ६५० वॅटचा पॉवर सप्लाय ५८५ वॅटच देईल, असा समजही अनेक पत्रांत दिसला. तो चुकीचा आहे. ६५० हा आकडा बाहेर मिळणाऱ्या विजेचाच असतो.

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांपूर्वीचा चांगल्या कंपनीचा मॉड्यूलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, पॉवर सप्लाय आहे. नव्या संगणकात तोच वापरू का? नवा घेतला तर जुन्याच्या केबल तशाच ठेवून फक्त पेटी बदलली तर चालेल का? तारा पुन्हा ओवण्याचा त्रास वाचेल.

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका मोठा आहे: जुन्या केबल कदापि ठेवू नका. केबलचे मदरबोर्डकडचे किंवा ड्राइव्हकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला कोणत्या पिनमध्ये कोणते व्होल्टेज यावे याचा सर्वमान्य नियम नाही. प्रत्येक कारखानदार ते आपल्या सोयीने ठरवतो, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळे असते. केबल मात्र अगदी सहज, टक असा आवाज करत बसते. मी स्वतः एकदा हाच त्रास वाचवायला गेलो होतो. बटण दाबल्यावर क्षणभर काहीच झाले नाही, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. हार्ड डिस्क बाहेर काढून पाहिली तेव्हा तिच्या खालच्या हिरव्या पट्टीवर वाटाण्याएवढा काळा डाग होता आणि त्याच्या मधोमध एका चिपचे कवच फुटलेले होते. ज्या तारेतून ५ व्होल्ट यायला हवे होते, तीतून १२ व्होल्ट आले होते. घरातली अनेक वर्षांची छायाचित्रे त्या डिस्कवर होती, आणि त्यातली काही पुन्हा मिळाली नाहीत. तेव्हापासून ज्या पेटीच्या केबल त्याच पेटीच्या पिशवीत, आणि पिशवीवर मॉडेलचे नाव, हा नियम मी पाळत आलो आहे.

आता आठ वर्षांच्या पॉवर सप्लायबद्दल. हमीचा काळ हा बनवणाऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाचा बऱ्यापैकी प्रामाणिक पुरावा असतो. चांगल्या मालिकांना दहा वर्षांची हमी मिळते. आपल्या पॉवर सप्लायची हमी अजून शिल्लक असेल आणि नव्या संगणकाचा भार त्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशांच्या आत असेल, तर तो वापरायला हरकत नाही. हमी संपली असेल, तर तो एखाद्या साध्या संगणकाला लावा आणि नव्या, महागड्या कार्डाला नवा पॉवर सप्लाय द्या.

प्रश्न : नव्या कार्डांच्या सोळा पिनांच्या कनेक्टरबद्दल वाचून भीती वाटते. तो टाळावा का?

उत्तर : भीती अगदीच निराधार नाही. या छोट्या कनेक्टरमधून जास्तीत जास्त ६०० वॅट जाऊ शकतात, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि ते वाहून न्यायला सोळांपैकी १२ व्होल्टच्या फक्त सहा पिना असतात. प्रत्येकीच्या वाट्याला आठ अँपिअरहून थोडे जास्त येतात. जुन्या आठ पिनांच्या जोडणीत जेवढी ढिलाई खपून जायची, तेवढी इथे खपत नाही. २०२२ साली ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० आल्यानंतर कनेक्टर वितळल्याच्या घटना पुढे आल्या, आणि कनेक्टर पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे कार्ड बनवणाऱ्या कंपनीने सांगितले. पुढच्या वर्षी एटीएक्स ३.१सोबत याच कनेक्टरची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात संकेताच्या चार बारीक पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे कनेक्टर पुरेसा आत गेला नसेल तर कार्डाला तसा संकेतच मिळत नाही आणि ते वीज ओढत नाही.

आपल्या हातात असलेली काळजी अशी, की कनेक्टर लावताना वरची कडी अडकल्याचे बोटाला जाणवेपर्यंत तो दाबावा, मग बाजूने टॉर्च धरून कार्ड आणि कनेक्टर यांच्यात फट दिसत नाही ना ते पाहावे, आणि तोंडापासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवून मगच वळवावी. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल, तर कॅबिनेट अपुरे आहे असे समजावे. दोनशे-अडीचशे वॅटच्या कार्डासाठी हा कनेक्टर टाळण्याचे कारण मला दिसत नाही. अधिक भुकेले कार्ड घेणार असाल, तर अ‍ॅडॅप्टर न वापरता थेट सोळा पिनांची केबल देणारा पॉवर सप्लाय घ्यावा.

प्रश्न : पॉवर सप्लायच्या जाळीतून आत बरीच धूळ दिसते. स्क्रू काढून तो साफ करू का? वीज काढूनच करीन.

उत्तर : कृपा करून उघडू नका. आत येणारी वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ४०० व्होल्टवर साठवलेली असते, आणि वायर काढल्यानंतरही तो साठा काही काळ टिकून राहू शकतो. तो जिवावर बेतू शकतो, आणि उघडल्यामुळे हमीही जाते. संगणक बंद करून मागची वायर काढा, पॉवर सप्लाय कॅबिनेटमधून मोकळा करून गॅलरीत किंवा अंगणात न्या, जाळीतून लाकडी काडी घालून पंख्याचे पाते धरून ठेवा म्हणजे हवेच्या झोताने तो गरगर फिरणार नाही, आणि हवेच्या डब्याने थोड्या थोड्या अंतराने झोत मारा. काडी पात्यापलीकडे खोल घालू नका. तो पुन्हा बसवताना कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंख्याचे तोंड खाली करा, आणि ती जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा.